चवीपुरती आमटी

६ मार्च, गुरुवार

दुधीभोपळ्याच्या फोडी उकळून त्यांचं पाणी मी मोरीत ओतलं, आणि गोदाचा चेहरा असा झाला की जणू मी तापवलेलं दूध ओतलं. तिने आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातच मांडून घेतली आहे. तिथून तिला शेगडी, ओटा, मोरी आणि मी, चौघेही दिसतो.

उभं राहिलं की तिला धाप लागते, म्हणून लग्नानंतर पहिल्यांदाच पळी माझ्या हातात आली. इथे चेन्नईत एग्मोरच्या रेल्वे ऑफिसात माझा जन्म गेला, पण घरी चहापलीकडे मजल नव्हती. तरी मी शिकेन. तमिळ तरी मला कोणी शिकवलं होतं? बसच्या पाट्या वाचून वाचून आलं. तसंच हेही येईल.

ब्लडप्रेशरने इतक्या वर्षांत तिची मूत्रपिंडं थकवली. आता पोटॅशियम अंगाबाहेर पडत नाही, साठलं तर हृदयाला धोका. म्हणून हॉस्पिटलातल्या आहारवाल्या मुलीने बजावलंय की भाजी बारीक चिरा, भिजवा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी टाकून द्या आणि मग फोडणीला घाला. डाळ नावापुरती. शहाळं बंद, केळं बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. ताकदीचं म्हणून आम्ही आयुष्यभर जे आवर्जून खाल्लं, नेमकं तेच तिला वर्ज्य.

डॉक्टरीणबाई आणखी एक म्हणाल्या. पुढे कधी डायलिसिसची वेळ आली तर ऐनवेळी धावपळ नको, म्हणून हातातली शीर जोडायचं छोटं ऑपरेशन आत्ताच करून ठेवा, ती तयार व्हायला वेळ लागतो, उशीर करू नका. गोदा म्हणाली, पाडवा होऊ दे.

तर ते पाणी. गोदा म्हणाली, "मला नकोच ते. पण तुम्हाला काय झालंय? तुमच्यासाठी आमटी करा त्याची. पुरणाचा कट कधी टाकला का मी?"

बरोबर आहे तिचं. उद्यापासून ठेवीन.

८ मार्च, शनिवार

आमटी केली. कोबी उकळलेलं पाणी, त्यात माझ्या वाटणीची शिजलेली तूरडाळ, चिंच, गूळ, गोडा मसाला. फोडणीत मोहरी उडून चष्म्यावर बसली. पहिला घोट घेतला आणि मला काही म्हणजे काही कळेना. खारट म्हणावं तर तसं नाही, बरं म्हणावं तर तसंही नाही.

गोदा म्हणाली, "आणा इकडे. चव बघते."

चमचाभर घेतली, डोळे मिटले, आणि म्हणाली की मीठ ठीक आहे पण चिंच कच्ची राहिली, चिंच आधी उकळायची आणि गूळ मागून. मास्तरीण मोठी कडक आहे. पण आजारपण आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात जोर ऐकला. फार बरं वाटलं.

१६ मार्च, रविवार

आमचा हेरंब आला होता. ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात आहे, तिकडेच घर केलंय, रविवारचा येतो. मला कणीक मळताना पाहून हसला आणि मग गंभीर झाला. म्हणाला, बाबा, एक स्वयंपाकीण ठेवू, मी बघतो. आई ऐकेना. परक्या बाईला पथ्य समजणार नाही, असं तिचं म्हणणं. तो म्हणाला, लिहून देऊ की तिला. तर गोदा म्हणाली, "बाबांना काय झालंय? हातपाय धड आहेत त्यांचे. शिकू दे."

दुसऱ्याच्या हातचं तिला पहिल्यापासून चालत नाही. माझ्या हातचं चालतं, हा केवढा मान.

मग हेरंबने तिच्या ऑपरेशनचं काढलं. ती म्हणाली, होईल रे, घाई काय आहे. तो माझ्याकडे बघायला लागला. मी कणकेकडे बघितलं.

२१ मार्च, शुक्रवार

आज पडवळ. इथल्या बाजारात ते माणसाच्या उंचीचं मिळतं, खांद्यावर टाकून आणलं. शेजारच्या शर्मिष्ठा अक्कांनी जिन्यात पाहिलं आणि म्हणाल्या, राव, शिकार छान झाली. अक्का तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी जुन्या पोथीसारखं, मध्येच तमिळ, आणि सूर पूर्ण तमिळ. आमटीला त्या सांबारच म्हणतात, आणि सांबार मुळात आपल्याच लोकांनी काढलं यावर भांडायला केव्हाही तयार. त्यांनी शेवग्याच्या पाल्याची भाजी दिली. ती मी एकट्याने खाल्ली, गोदाला वासही लागू दिला नाही. पथ्याच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

गोदाने आमटीची चव बघितली. चमच्याने नीट कळत नाही म्हणते, वाटीतच द्या. वाटीत दिली. फोडणीला हिंग कमी, म्हणाली. वाटी रिकामी परत आली.

जेवणात तिचं मन नसतं. उकळून पाणी काढलेली भाजी म्हणजे ओल्या कापडासारखी लागते, मीही खाऊन पाहिली. निदान चव तरी आवडीने बघते, एवढं समाधान.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी हेरंबने बांधली. स्वयंपाक मी केला, हे कोणाला सांगून खरं वाटणार नाही.

नैवेद्याचं चाखायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. गोदाने एवढी वर्षं गणपतीत पंधरा-वीस पानांचा स्वयंपाक एकदाही न चाखता केला आणि मीठ कधी चुकलं नाही. आज तिने खुर्चीतून सगळं चालवलं. वरणाच्या वाफेवरून म्हणाली, मीठ राहिलंय. राहिलंच होतं. पुरण चुलीवर असताना म्हणाली, आता काढा, पळी उभी राहील. उभी राहिली. कटाची आमटी उकळताना नुसतं नाक वर केलं आणि म्हणाली, थोडी चिंच आणखी. पोळ्या मात्र फाटल्या, त्याला नाक काय करणार. हेरंब म्हणाला, नकाशे छान झालेत.

डॉक्टरांनी सणाचा घास चालेल म्हटलं होतं. तिने पुरण बोटाच्या पेराएवढंच घेतलं. किती मन मारते बिचारी.

८ एप्रिल, मंगळवार

उन्हाचा ताव वाढलाय. गोदाचे पाय जड झाल्यासारखे वाटतात, उठताना गुडघ्यांत बळच नाही म्हणते. हे चेन्नईचं ऊन चांगल्या माणसाला मेणासारखं करतं. कोपऱ्यावर शहाळ्यांचा ढीग पाहून जीव तुटतो, पण मी मान वळवून पुढे येतो.

चवळीच्या शेंगांच्या पाण्याची आमटी आज छान जमली, असं मला वाटलं. गोदाने वाटीभर घेऊन विचार केला, मग पुन्हा थोडी मागितली आणि म्हणाली, "छान नाही. बरी आहे. बरी आणि छान यातला फरक तुम्हाला कळायला हवा."

मी म्हटलं, मला बरी चालते. तर रागावली.

१५ एप्रिल, मंगळवार

आता हिने नवीनच काढलंय, वर्षाचा गोडा मसाला करायचा. मी म्हटलं, अगं, तुला चिमूटभर चालतो, मला एकट्याला वर्षाचा कशाला? तर म्हणे, दर महिन्याला करणं तुम्हाला होणार नाही, एकदाच नीट शिकून घ्या.

म्हणून जॉर्ज टाउनला जाऊन आलो. यादीची गरज पडली नाही, तिने माझ्याकडून घोकून घेतलं होतं. धने, तीळ, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी सगळं मिळालं. दगडफुलाला इथे कल्पासी म्हणतात, ते एका झटक्यात मिळालं. नागकेशराला मात्र सात दुकानं हिंडवलं. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने डब्याच्या तळातून काढून दिलं आणि विचारलं, घरी लग्न आहे का? मी म्हटलं, नाही, शिकवणी आहे.

भाजताना घरभर तो वास. गोदा खुर्चीत डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "तीळ काढा, करपतील." बरणी भरली, तिने झाकण लावून माझ्या हातात दिली आणि कुठे ठेवायची ते मलाच ठरवायला सांगितलं. आजवर ह्या घरात चमच्याचीही जागा मी ठरवली नव्हती.

२२ एप्रिल, मंगळवार



आज तपासणीला गेलो. पोटॅशियम खूप वाढलंय. डॉक्टरीणबाईंनी लगेच हृदयाचा आलेख काढायला लावला. तो अजून बरा आहे, पण थोडं जरी आणखी वाढलं तर दाखल करावं लागेल, म्हणाल्या. एक औषध दिलं, शनिवारी पुन्हा रक्त तपासायचं. मग आम्हाला आहारवाल्या मुलीकडे पाठवलं.

ती मुलगी हेरंबहून लहान असेल. मी तिला तमिळमध्ये सगळं सांगितलं, छाती पुढे काढून सांगितलं. भाजी दोनदा उकळतो, शहाळं नाही, फळ नाही, डाळ चमचाभर. तिने विचारलं, पाणी टाकता? मी म्हटलं, त्यांच्या भाजीत थेंबही ठेवत नाही. तिला काही उमगेना. मग आजोबांना इथे म्हणतात तसं म्हणाली, ताता, तुम्ही काय जेवता? मी म्हटलं, माझं काय, भात आणि आमटी. कशाची? त्याच पाण्याची, वाया कशाला घालवायचं. तिने विचारलं, पाटी, म्हणजे आजी, त्यातलं काही घेतात?

मी म्हटलं, छे. नुसती चव बघतात.

किती?

मी हाताने दाखवायला गेलो. बोटं वळली, वाटीएवढी झाली, आणि हात तिथेच हवेत राहिला. मी त्या हाताकडे बघत राहिलो. त्या वाटीत रोज काय होतं ते मला तेव्हा दिसलं. भाजीतून जे काढून टाकायचं म्हणून मी एवढी भाजी उकळत होतो, ते सगळं तिच्यात होतं.

गोदा भिंतीवरचं फळांचं चित्र बघत होती.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी भाजीचं पाणी मोरीत ओतलं आणि नळ मोठा सोडला. मग तिच्यासमोर स्टूल घेऊन बसलो.

मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"थोडं थोडं."

"पाडव्याला सगळा स्वयंपाक नुसत्या वासावर केलास. मग माझ्या आमटीला जीभ कशाला लागायची?"

"पाडव्याचं मी केलं, हात तेवढे तुमचे होते. रोजचं तुम्ही करता. तुमचं काय चुकतं ते वासावरून कसं सांगू? चाखल्याशिवाय शिकवता येत नाही." मग म्हणाली, "आणि खोटं कशाला बोलू, जिभेलाही बरं वाटायचं. वाटी हातात आली की ठेववत नव्हती."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "पण शिकून मला करायचंय काय, गोदा? तुझ्या पथ्याच्या भाज्या येतात मला. मला दहीभात पुरतो."

"दहीभातावर राहतं का माणूस? मी हेरंबला घेऊन साताऱ्याला माहेरी जायचे, तेव्हा तुम्ही महिनाभर इडलीवर काढायचात. मी परत येईपर्यंत गालांची हाडं वर यायची."

"मग तू यायचीसच की परत," मी म्हटलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, दुधवाला आज आला नाही का. दूध तर मी मघाशीच तापवून ठेवलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत.

२६ एप्रिल, शनिवार

उतरलं. पूर्ण नाही, पण उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच सांभाळा. मूत्रपिंडं आहेत तिथेच आहेत, ती काही सुधारायची नाहीत. ऑपरेशनचं पुन्हा विचारलं. गोदा म्हणाली, उन्हाळा जाऊ दे.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, अम्मा, उन्हाळा थांबतो, तब्येत थांबत नाही. गोदाने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. मी तिला ओळखतो.

७ मे, बुधवार

अग्निनक्षत्र लागलंय. इथे ऐन उन्हाळ्याच्या ह्या दिवसांना तेच म्हणतात आणि खोटं नाही म्हणत. हेरंबचं रोज फोनवर तेच. बाबा, आईला समजवा, उशीर झाला तर एक दिवस सरळ गळ्यात नळी घालावी लागेल. मी समजावतो. ती ऐकून घेते, म्हणते, एकदा हॉस्पिटलात शिरलं की परत यायचं आपल्या हातात नसतं, आणि लगेच विचारते, आज फोडणीत मेथी घातली का.

तिच्या भाजीची मात्र मी युक्ती शोधली. उकळलेला कोबी फडक्यात घट्ट पिळायचा, मग गरम तेलात मोहरी, हिंग, आलं, कढीपत्त्याची दोन पानं, आणि वरून लिंबाचे थेंब. मुलीला फोन करून विचारून घेतलं, एवढं चालतं. गोदाने खाल्लं आणि पुन्हा मागितलं. मी दुसऱ्या खोलीत जाऊन डोळे पुसले. आल्याने झोंबतात.

माझी आमटी आता नुसत्या तूरडाळीची आणि साध्या पाण्याची. ती चाखायला मागत नाही आणि मी देत नाही. पण मी जेवायला बसलो की समोर येऊन बसते आणि विचारते, कशी आहे? मी म्हणतो, छान. ती म्हणते, बरं. आणि उठून जाते.

१९ मे, सोमवार

आज भांडलो. आमटी कशी आहे, तर म्हटलं छान. ती म्हणाली, रोज छान कशी असेल? मी म्हटलं, मला रोज छान लागते, त्याला मी काय करू?

"तुम्ही चाखतच नाही. गिळता. माझ्या वाटीवर डोळा ठेवून जेवता, घास कुठे जातो याचं भान नसतं तुम्हाला."

मी म्हटलं, "डोळा ठेवीन नाहीतर काय करीन? एकदा फसलोय."

हे बोलायला नको होतं. तिने दिवसभर मुद्द्याचं तेवढंच बोलणं ठेवलं. संध्याकाळी शर्मिष्ठा अक्का येऊन बसल्या, दोघी कितीतरी वेळ हळू बोलत होत्या. मी गेलो की गप्प. जाताना अक्का मला जिन्यात म्हणाल्या, राव, तिला खोटं छान नको आहे. एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. बायकांचं बोलणं बायकांना कळतं.

२ जून, सोमवार

अक्कांचं मनावर घेतलंय. घास तोंडात घेतला की डोळे मिटायचे, गोदा मिटायची तसे. पहिले काही दिवस काळोखाशिवाय काही सापडलं नाही. मग एक दिवस मिठाच्या मागे गूळ उभा दिसला. सत्तरी ओलांडल्यावर माणसाला स्वतःची जीभ सापडते, ही गंमतच.

काल आंबट कुठे संपतं ते समजलं. पण तिला काही सांगितलं नाही, खात्री नव्हती.

१२ जून, गुरुवार

आज आमटी बिघडली. फोडणी करत होतो तेवढ्यात दारावर कुरिअरवाला आला, परत येईपर्यंत मेथीदाणे काळे. तशीच ओतली. वाढून घेतली, गोदा समोर येऊन बसली आणि विचारलं, कशी आहे?

मी डोळे मिटून घोट घेतला. छान म्हणायला तोंड उघडलं होतं, पण म्हणवलं नाही.

"कडू झालीय. फोडणी करपली. ते झाकायला मी चिंच जास्त घातली, म्हणून आंबटही झालीय, आणि गुळाने तो आंबटपणा जात नाहीये. पातळ करून उपयोग नाही, कडू आहे तिथेच राहील. उद्या मेथी शेवटी घालीन, आणि दाराची बेल वाजली तर आधी आच बंद करीन."

गोदा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रागावली, एवढं सामान वाया गेलं म्हणून.

"आली तुम्हाला," ती म्हणाली.

"काय आली? अगं, बिघडलीय."

"हो ना. तेच."

मग तिने माझ्याकडून फोन मागून घेतला, हेरंबला लावला, आणि म्हणाली की ते हाताचं ऑपरेशन आहे ना, ह्याच आठवड्यात करून टाकू, तू रजा काढ. उन्हाळ्याचं नाही, सणाचं नाही, काहीच नाही. हेरंब तिकडून काहीतरी बोलत होता, ही हसत होती. डावा हात पुढे करून मनगटाजवळची शीर उजव्या बोटाने दाबून बघत होती, जसं वांगं घेताना दाबून बघते.

इतके महिने मुलगा सांगून थकला, डॉक्टर सांगून थकल्या, आणि आज कडू आमटी पाहून हिला धीर कुठून आला, मला काही कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, जेवा आधी, गार होतेय.

मी जेवलो. कडू होती, पण खोटं कशाला लिहू, भात मी दुसऱ्यांदा घेतला, आणि ती समोर बसून माझ्या ताटाकडे बघत होती.